समास कापायचा नाही

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कुठल्याही गावचं असो, वाक्य एकच बोलतं: "भाभी, इथं जागा रिकामी दिसते, काहीतरी टाका ना!" लग्नपत्रिका असो, वाढदिवसाचा बॅनर असो की पतसंस्थेचा अहवाल, कोरी जागा दिसली की माणसाला चैन पडत नाही. तिथं मोर टाका, कलश टाका, नाहीतर राहिलेल्या मावसकाकांचं नाव टाका. शहाद्याच्या बाजारपेठेत, आमच्या कापडाच्या दुकानावरच्या माडीत बसून सत्तावीस वर्षं मी हेच केलं. जागा भरली.

सासरी सगळे कापडवाले. पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासून घरात बोलणं कापडाच्या पन्ह्याचं आणि पोताचं. मला अक्षरांची हौस. लग्नानंतर दोन वर्षांनी हट्टानं संगणक आणला, तेव्हा सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "बीनणी," म्हणजे मारवाडीत सूनबाई, "दोन महिन्यांत कंटाळशील." त्या आता ऐंशीच्या पुढं आहेत आणि माझ्या कंटाळण्याची अजून वाट बघतात.

हाताला सवय लागते, ती मात्र वाईट. एकदा नवापूरकडचे एक गावित काका मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. ख्रिस्ती घर, लग्न चर्चमध्ये. मजकूर मी नीट लावला, क्रॉस टाकला, प्रूफ दाखवलं, त्यांनी होकार दिला. मग छपाईला पाठवताना वरच्या बाजूला थोडी जागा मोकळी वाटली आणि माझ्या हातानं, मला न विचारता, तिथं गणपती बसवला. पाचशे पत्रिका छापून आल्या. काका पत्रिका हातात घेऊन म्हणाले, "ताई, जेवणाचा अंदाज चुकेल. एक पाहुणा वाढला." मी शरमेनं अर्धी झाले. पत्रिका पुन्हा छापून दिल्या, पण त्या दिवशी जे कळायला हवं होतं ते कळलं नाही. ते मला पुढं गंगाधर आप्पांनी शिकवलं.

गंगाधर आप्पा कळसाडीचे. घरची कापूस-उसाची शेती भावानं पाहिली आणि यांनी नोकरी केली. डोंगराकडच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. कोणती कचेरी ते त्यांनी पुस्तकातही लिहिलेलं नाही, मीही सांगणार नाही. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ते माडीचा जिना चढून आले. काखेत एक जुना फाईलचा पुठ्ठा, पांढऱ्या नाडीनं बांधलेला. आत हातानं लिहिलेलं पुस्तक. नाव होतं, 'फाईल वर गेली आहे'.

मी तोवर पुस्तकं केली नव्हती असं नाही. स्मरणिका, गौरवग्रंथ, एका मास्तरांचा कवितासंग्रह. पण कचेरीवरचं पुस्तक, तेही आतल्या माणसानं लिहिलेलं! रोजचं जेवण उरकून मी दुपारी वाचायला बसले आणि संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा वर मान केली. खिडकीच्या आत बसलेला माणूस दिवसभर काय करतो, टिपणी कशी फिरते, सही कशी टळते, 'उचित कार्यवाहीस्तव सादर' म्हणजे खरं काय, सगळं त्यात होतं. न रडता, न ओरडता लिहिलेलं. मला इतका आनंद झाला की खाली जाऊन मी नवऱ्याला भर गिऱ्हाइकांत सांगितलं, "हे पुस्तक मीच करणार!" साडीचा भाव करत असलेल्या दोन बायका माझ्याकडे बघतच राहिल्या.

बाहेरच्यांसाठी सांगते. पुस्तक 'लावणं' म्हणजे मजकूर नुसता टाईप करणं नव्हे. अक्षर केवढं, दोन ओळींत अंतर किती, पानाच्या चारी बाजूंना कोरा समास किती, धडा पानाच्या कुठून सुरू होणार, हे ठरवायचं. वाचणाऱ्याला यातलं काही दिसता कामा नये. त्याला फक्त वाचावंसं वाटलं पाहिजे. साडीच्या फॉलची शिलाई वरून दिसली की साडी बिघडली, तसंच.

आप्पांच्या हस्तलिखितात एक गंमत होती. प्रत्येक कागदाचा डावीकडचा तिसरा हिस्सा कोरा. घडी घालून रेघ पाडलेली आणि लिखाण फक्त उजवीकडे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय. मी सगळा मजकूर नेहमीसारखा पानभर पसरवला. पुस्तक छान आटोपशीर झालं. प्रूफ बांधून कळसाडीला पाठवलं.

आठ दिवसांनी प्रूफ परत आलं. वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांक टाकलेला. प्रत्येक पानावर छोटी सही आणि तारीख. चूक एकही दाखवलेली नाही. शेवटच्या पानावर लाल शाईत एवढंच: 'पाहिले. चर्चा करावी.'

ते प्रूफ मी जपून ठेवलं आहे. तसला शेरा माझ्या कामावर कुणी मारला नव्हता.

चर्चेला आप्पा स्वतः आले. खुर्चीत नीट बसले, चष्मा पुसला आणि फार हळू आवाजात, त्यांच्या अहिराणीत विचारलं, "भाभी, कोरी जागा कोठे गयी?"

"ती होय? भरली की! पानं वाचली."

"मंग साहेब शेरा कोठे लिखतीन?"

मी हसले. म्हटलं, "आप्पा, आता कोणते साहेब? तुम्ही रिटायर झालात. आता तुम्हाला कोण शेरा मारणार?"

ते हसले नाहीत. त्यांनी हस्तलिखित उघडलं, सातवा धडा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "हाई वाचं तुमी?"

वाचला होता, पण नुसता वाचला होता. तो धडा होता दित्या वसावेचा. मोलगीच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. बापापासून कसत आलेल्या वनजमिनीचा दावा त्यानं कचेरीत दाखल केला होता. दर महिन्या-दोन महिन्यांनी तो डोंगर उतरायचा, जीप मिळाली तर जीपनं नाहीतर पायी, आणि खिडकीशी येऊन उभा राहायचा. आप्पा रजिस्टर उघडायचे, बोट फिरवायचे आणि सांगायचे, फाईल वर गेली आहे, पुढच्या सोमवारी ये. अकरा वर्षं. आप्पा खोटं बोलत नव्हते. रजिस्टरात फाईल गेल्याची नोंद होती, त्यांच्याच अक्षरात. झालं होतं असं, की नोंद आधी केली आणि त्याच दिवशी साहेब दौऱ्यावर गेले, म्हणून फाईल 'उद्या पाठवू' म्हणून कपाटात ठेवली. ती दुसऱ्या एका गठ्ठ्याखाली गेली. नोंद आहे म्हणजे फाईल गेली, असं आप्पांनी अकरा वर्षं धरलं. निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना कपाट रिकामं केलं तेव्हा ती हाताला लागली. ज्या कपाटाला पाठ टेकून ते खुर्चीत बसत, त्याच कपाटात.

त्यांनी ती त्याच दिवशी स्वतः नेऊन वर दिली. दोन वर्षांत दित्याला जमिनीचा कागद मिळाला. पण मधल्या अकरा वर्षांत त्याचा थोरला मुलगा वाट बघून कंटाळला आणि सुरतेला गेला तो गेलाच. आणि उशीर का झाला हे दित्याला कुणीही सांगितलं नव्हतं.

"तुम्ही जाऊन सांगायचं ना, आप्पा!" मला राहवलं नाही.

"तोंडी सांगेल कचेरीमा धरतस नही, भाभी. लेखीच पाहिजे." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणीसन तं पुस्तक लिखं. बाकीना धडा मंग सुचनात. पहिला हाऊच लिखा व्हता. आते दित्याच मन्हा साहेब शे. त्यानी शेरा लिखाले जागा नको?"

एका माणसाची माफी मागायला या माणसानं अख्खं पुस्तक लिहिलं होतं, आणि त्या पुस्तकात उत्तरासाठी ठेवलेली जागा मी मावसकाकांचं नाव बसवावं तशी भरून टाकली होती. मला फार वाईट वाटलं आणि त्याच क्षणी, खरं सांगते, तितकाच आनंदही झाला. कारण पुस्तक कसं दिसणार ते मला दिसलं!

सगळं पुन्हा लावलं. यावर आमची दोन दिवस रीतसर चर्चा झाली. आप्पांना समास कायम डावीकडेच हवा, कचेरीत असतो तसा. मी कोऱ्या कागदांची वही करून त्यांच्या हातात पेन दिलं. उजव्या पानाची डावी बाजू शिवणीत जाते, तिथं हात टेकत नाही, लिहिता येत नाही. तेव्हा मान्य झालं: समास प्रत्येक पानाच्या बाहेरच्या कडेला, पानाचा तिसरा हिस्सा, पूर्ण कोरा. पृष्ठक्रमांकसुद्धा तिथं नको. माझ्या जन्मात मी एवढी जागा मोकळी सोडली नव्हती. पडद्यावर ती पानं बघताना भीती वाटायची आणि मजाही.

मुखपृष्ठानं मात्र दम काढला. कचेरी म्हटलं की जे कुणालाही सुचेल ते मी सगळं करून पाहिलं: फायलींचा डोंगर, लाल फीत, शिक्का, रिकामी खुर्ची, घड्याळावर कोळ्याचं जाळं. आप्पा प्रत्येकावर 'पाहिले' लिहायचे. 'चर्चा करावी' इतकीही त्यांची पात्रता नव्हती.

आणि गंमत बघा, मुखपृष्ठ पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर पडलेलं होतं. हस्तलिखित ज्या पुठ्ठ्यात बांधून आलं होतं, त्याची नाडी मी रोज सोडायचे आणि रोज गाठ सुटता सुटायची नाही. एका दुपारी वैतागून कात्री घेतली, तर आप्पा ओरडले. मग त्यांनी एका टोकाला चिमटीत धरून जरासं ओढलं आणि गाठ पाण्यासारखी सुटली. कारकुनाची गाठ. दोन टोकांपैकी एकच ओढायचं असतं आणि ते कोणतं हे बांधणाऱ्याला ठाऊक असतं.

मी खुर्चीवरून उठलेच! आप्पांना तसंच सोडून जिना धडधडत उतरले आणि दुकानातून परकराच्या नाडीचं बंडल उचलून आणलं. सासूबाई गल्ल्याजवळून म्हणाल्या, "बीनणी, पुस्तकाला नाडी?" म्हटलं, "हो! पुस्तकाला नाडी!"

असं ठरलं. मुखपृष्ठ म्हणजे फाईलचा पुठ्ठा, तसाच मातकट रंग, वर छापील रकाने: विषय, दाखल दिनांक, बंद दिनांक. विषयापुढं पुस्तकाचं नाव. दाखल दिनांकापुढं दित्यानं अर्ज दिला ती तारीख. बंद दिनांकापुढं काही नाही. कडेला दोन भोकं आणि त्यांतून खरी नाडी, कारकुनाच्या गाठीनं बांधलेली. ज्याला पुस्तक वाचायचं त्यानं आधी गाठ सोडायची. तीनशे प्रती. एकेक गाठ आप्पा स्वतः बांधणार.

पुस्तक बांधून कडा कापायला नंदुरबारला युसूफभाईंकडे दिलं. बिलबुकं, पावतीपुस्तकं, शाळांची हजेरीपत्रकं, सगळ्या भागाचं काम त्यांच्याकडे. त्यांच्याइतका सरळ हात दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, आवाजात नुसता उत्साह. "भाभी, आपकी सेटिंग सरक गई थी. हर पान पे बाजूला एवढी जागा कोरी. टेन्शन मत लो. मी कटरवर लाईनीत आणून दिलं. मस्त छोटी किताब झाली. चाळीस झाल्या, बाकी जेवणाच्या आधी करतो."

मी किंचाळले. "थांबवा! युसूफभाई, मशीन थांबवा!"

पहिली एसटी पकडली. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल आला तरी मी मनात 'थांबवा' म्हणतच होते. पोहोचले तर युसूफभाई मशीन बंद करून, कापलेल्या कोऱ्या पट्ट्यांच्या ढिगाजवळ गुन्हेगारासारखे उभे. चूक त्यांची नव्हतीच. कामाच्या चिठ्ठीवर मी कागद, पुठ्ठा, भोकांचं माप, सगळं लिहिलं होतं. 'समास कापायचा नाही' एवढं मात्र लिहिलं नव्हतं. असलं कोण लिहितं? कोरी जागा राखायला आमच्या धंद्यात कुणी कधी सांगितलंच नाही, ना मला, ना त्यांना. मी त्यांना सातवा धडा उभ्या उभ्या सांगितला. ते ऐकत राहिले. मग एका पट्टीवर मार्करनं ठळक लिहिलं, 'समास कापायचा नाही', आणि कटरच्या दांड्यावर चिकटवलं. ती पट्टी अजून तिथं आहे. नवीन गिऱ्हाईक विचारतं, हे काय, तर ते पुस्तकाची गोष्ट सांगतात.

कापलेल्या चाळीस प्रतींचं काय करायचं? मी आप्पांना भीत भीत फोन केला. पलीकडून पहिल्यांदाच मी त्यांचं खदखदून हसणं ऐकलं. "राहू द्या, भाभी! त्या आपला जुना साहेबलोकस्ले पाठाडी देऊ. त्यास्नी आयुष्यभर समासमाच लिखं. त्यास्ले आते जागा कसाले?" आणि खरंच पाठवल्या.

धड प्रतींतली पहिली दित्याची. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी जायचं ठरलं. आप्पांनी मला सोबत बोलावलं, म्हणाले, साक्षीदार लागतो. अक्कलकुव्यापर्यंत बस, पुढं जीप. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वळणावळणाच्या रस्त्यावर त्यांनी पिशवी मांडीवरून हलू दिली नाही.

दित्याबाबा बाजाराच्या टोकाला झाडाखाली भगर विकायला बसले होते. शेजारी त्यांची लेक, पाड्यावरच्या अंगणवाडीत ताई आहे ती. आप्पांना त्यांनी लगेच ओळखलं. उठले नाहीत. आप्पांनी उभ्यानंच दोन्ही हातांनी पुस्तक पुढं केलं.

दित्याबाबांना वाचता येत नाही. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, नाडी पाहिली. मग एक टोक चिमटीत धरून जरासं ओढलं आणि गाठ पहिल्या झटक्यात सुटली.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते पुटपुटले, "अकरा वरीस खिडकीमातून हाई गाठ देखेल शे त्यानी."

लेकीनं सातवा धडा वाचायला घेतला. एक वाक्य मराठीत वाचायची आणि मग बापाला त्यांच्या बोलीत सांगायची. मला त्यातलं कळत नव्हतं, पण मधे एकदा 'सुरत' ऐकू आलं. बाजार चालू होता, कोंबड्या ओरडत होत्या, जीपवाले हाका मारत होते. आप्पा उभेच. धडा संपला. तिनं पानाची कोरी बाजू बापाला दाखवली आणि ती कशासाठी ठेवली आहे तेही सांगितलं. आप्पांनी खिशातलं पेन काढून तयार ठेवलं होतं. दित्याबाबा सांगतील ते ते स्वतः लिहिणार होते, शिवी असली तरी.

दित्याबाबांनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग पुस्तक मिटलं, नाडी बांधली आणि ते टोपलीमागं ठेवून दिलं. आप्पांकडे बघून, खिडकीतून जी मराठी अकरा वर्षं ऐकली होती त्याच मराठीत, अजिबात न रागावता म्हणाले,

"बघतो. पुढच्या बाजाराला ये."

परतीच्या जीपमध्ये मला रडू आवरेना. आप्पा मात्र खिडकीशी बसून लहान मुलासारखे उजळले होते. माझा हात हलवून म्हणाले, "रडतस कसाले, भाभी? फेटाळा नही! अर्ज दाखल व्हयना! पुढली तारीख भेटनी!"

त्यानंतर आप्पा दर बाजाराला जातात. बस, मग जीप, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. दित्याबाबा बघतात आणि पुढचा बाजार सांगतात. पुस्तकाच्या बाकीच्या प्रती लोकांनी वाचल्या, समासात लिहिलं, काहींनी लिहिलेली पानं आप्पांना दाखवायला आणली. दित्याबाबांच्या प्रतीतला समास मात्र कोराच आहे. मी एकदा म्हटलं, आप्पा, किती चकरा मारणार? ते म्हणाले, अजून अकरा वर्षं झाली नाहीत.

परवा ते मोलगीहून थेट माडीवर आले, धूळ न झटकता. मला वाटलं, शेरा मिळाला. पेन काढून टेबलावर ठेवलं, चष्मा पुसत राहिले, पुसतच राहिले.

"काय लिहिलं, आप्पा?"

"लिखं काहीच नही. पन भाभी, आज त्यानी माले 'बस' म्हणं." आणि मग चष्मा न लावताच म्हणाले, "अकरा वरीसमा मी त्याले एकदाव बी बस म्हणेल नही."